निळ्या गेटाचं घर

चिखलीच्या स्टँडवर बस थांबलेली असताना मुजम्मिलनं पाठवलेला नकाशा छायाच्या फोनवर उघडला, आणि त्यातला लाल ठिपका ज्या गल्लीत जाऊन बसला ती गल्ली तिच्या ओळखीची निघाली. तिनं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. मेहकर, स्टँडपासून दहा मिनिटांवरची कॉलनी, तिसरी गल्ली, उजव्या हाताचं चौथं घर. खाली मुजम्मिलनं लिहिलं होतं, निळं गेट. आता शंकेला जागाच उरली नाही, कारण ते गेट निळं तिनंच केलं होतं. दिवाळीआधी येतो म्हणालेला रंगारी आला नाही, तेव्हा तिनं स्वतः ब्रश हातात घेतला होता आणि नखांच्या कडांत तो रंग पुढं आठवडाभर राहिला होता. कंडक्टरनं घंटी मारली. उतरायचं असतं तर उतरता आलं असतं. अंगात कणकण आहे असं सांगितलं असतं तर मुजम्मिलनं दुसऱ्या कुणाला तरी धाडलं असतं. बस हलली तेव्हा ती खिडकीशी तशीच बसून होती. मांडीवरची कॅमेऱ्याची बॅग तिनं दोन्ही हातांनी अशी धरली होती की शेजारच्या बाईनं विचारलं, आत काही फुटायचं सामान आहे का.

मुजम्मिलचं बुलढाण्यात घरं आणि प्लॉट विकून देण्याचं ऑफिस होतं. पूर्वी घर विकायचं म्हणजे चार माणसांच्या कानावर घालायचं आणि वाट बघायची. आता गिऱ्हाईक पुण्यात नाहीतर नाशकात बसून आधी फोनवर फोटो बघे, आणि फोटो आवडले तरच गाडीत बसे. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत छायाला उसंत नसे. पावसाळ्यात भिंतींवर चढलेली ओल आश्विनात वाळते, आभाळ धुतल्यासारखं होतं, ऊन तिरपं होऊन खिडकीतून थेट फरशीवर येतं. सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो, तो बसू नये म्हणून लेन्स सारखी पुसावी लागते, एवढाच काय तो त्रास. आधी ती लग्नांचे फोटो काढायची. पण लग्नात माणसं असतात, आणि माणसांना हसायला सांगावं लागतं. घरं तिला सोपी वाटत. वाळत घातलेले कपडे काढायचे, कॅलेंडर उतरवायचं, नळाखालची बादली लपवायची, सगळे दिवे लावायचे आणि कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सनं खोली आहे त्याच्या दीडपट करायची. घर कुणाचं, का विकतात, हे ती कधी विचारत नसे. सकाळी मुजम्मिल फोनवर म्हणाला होता, "छायाताई, मेहकरले एक घर हाय. मालकाची बदली नाशिकले झाली, त्याले घाई हाय. आजच्या आज करून द्या ना." आणि ती नेहमीसारखी "हाव" म्हणाली होती.

त्या घरातून निघाल्याला आठ वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्यानं, शंतनूनं, तिच्यावर कधी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच तिला कुणाला काही सांगता आलं नव्हतं. सांगायचं तरी काय? तो चार-चार दिवस बोलायचा नाही, पण मीठ हवं असलं तर मागायचा ते अगदी अदबीनं मागायचा. खताच्या कंपनीचा माल विकत तो तालुकाभर फिरायचा, दुकानदारांशी हसून बोलायचा, आणि घरी आला की ते हसणं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा. मूल होत नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या तीन वर्षं तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. त्याची तपासणी करायचं राहूनच गेलं. सहाव्या दिवाळीला, भाऊबीजेसाठी ती माहेरी निघाली तेव्हा, तो स्वतः बॅग उचलून स्टँडवर आला. बसच्या खिडकीशी उभं राहून म्हणाला, "या वेळी निवांत राहा महिनाभर. दमली आहेस." मोताळ्याला पोचल्यावर तिनं ते वाक्य आईला सांगितलं, वहिनीला सांगितलं, शेजारच्या गोजरबाईला सांगितलं. महिन्यानं त्याचा फोन लागेनासा झाला, आणि मग पोस्टमननं सही घेऊन एक लिफाफा दिला. बुलढाण्याच्या वकीलबाईंनी घटस्फोटाचे कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही घर सोडायलाच नको होतं. घरात बसलेल्या बाईला काढणं सोपं नसतं." मी घर सोडलं नाही, मी भाऊबीजेला आले, असं छाया म्हणाली, तेव्हा त्यांनी पान उलटलं. पुढं कोर्टात दोन तारखा झाल्या. स्वखुशीनं वेगळ्या होताय का, असं विचारलं, आणि ती हो म्हणाली. सहा वर्षं एवढ्याशा आवाजात संपली.

गेट निळंच होतं, कडेनं पोपडे धरलेलं. कडीला तेल नव्हतं. ती उचलून मग सरकवावी लागते हे बोटांना अजून ठाऊक होतं. आवाज ऐकून जी बाहेर आली ती तिशीच्या आतली, ओल्या हातांची, ओढणी कमरेला खोचलेली, आणि तिच्या पायाला चिकटून चार वर्षांची एक पोर. छायाला माहीत होतं की त्यानं दुसरं लग्न केलंय. मूल झाल्याचंही कुणीतरी मुद्दाम तिच्या कानावर घातलं होतं. पण कानावर आलेली गोष्ट आणि फ्रॉकला चिवड्याचं तेल लागलेली समोरची पोर, यांत अंतर होतं. "फोटोवाल्या ना तुम्ही? या ना," ती म्हणाली. "हे म्हणले होते, बँकेकडून फोटोला माणूस येईल म्हणून. बाई येईल असं नव्हतं वाटलं मला." ती हिमानी. देऊळगाव राजाची, तिच्या बोलण्याला जालन्याकडचा हेल होता. पोरीचं नाव काजल. बँकेकडून, हा शब्द छायाच्या डोक्यात टक्कन वाजला, पण तिनं तोंड उघडेपर्यंत हिमानी नाव विचारत होती. "स्नेहलता," छाया म्हणाली. ते तिच्या एका मावशीचं नाव होतं. ते कुठून जिभेवर आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

मग कामाला लागली. काम असलं की बरं असतं. तिपाई उघडायची, उंची छातीएवढी ठेवायची, पातळी बघायची. हिमानी उत्साहानं मदत करत होती. दोरीवरचे कपडे काढ म्हटलं की काढत होती, कॅलेंडर उतरव म्हटलं की खिळ्याच्या भोकावर बोट ठेवून, हे नाही ना दिसणार, म्हणून विचारत होती. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना मधे एक बोटभर उंचवटा आहे, तिथं नवा माणूस अडखळतो. छाया अडखळली नाही. पडद्यामागचं बटण तिनं न बघता दाबलं. स्वयंपाकघरातल्या हिरवट फरश्या तशाच होत्या. त्या तिनं अकोल्याच्या दुकानात निवडल्या होत्या, आणि शंतनू दुकानदाराला म्हणाला होता, बाईसाहेब म्हणतील तसं. तेव्हा ते किती गोड वाटलं होतं. या ओट्याशी दुपारी चार वाजता तिला श्वास पुरायचा नाही. काही दुखायचं नाही, खुपायचं नाही, फक्त हवा अर्ध्यावर येऊन थांबायची. मग ती खिडकीच्या गजांना कपाळ लावून मागच्या भिंतीवर फिरणारी मांजर बघत उभी राहायची. आता त्याच ओट्याच्या कोपऱ्यात पाठ टेकवून तिनं कॅमेऱ्यातून पाहिलं, तर समोर लांबरुंद, उजेडानं भरलेलं स्वयंपाकघर होतं. कुणालाही वाटावं, इथं राहावं. तिला हसू आलं. लेन्सला श्वास लागत नाही. हिमानीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि हरखून म्हणाली, एवढं मोठं आहे का आमचं घर.

न्हाणीघराचा दरवाजा पावसानं फुगलेला होता. छायानं तो डाव्या हातानं वर उचलला, गुडघ्यानं रेटला, तो उघडला. मागून हिमानी म्हणाली, "तुमाला कसा उघडला हो? माझी आई दोन दिवस होती, तिला नाही उघडला." या कॉलनीतले सगळे दरवाजे असेच आहेत, एकाच सुताराचं काम, असं ती म्हणाली. हिमानीला ते पटलं. तिला काहीही पटत होतं. जे सांगतील ते पटवून घ्यायची सवय लागलेल्या बाईचा चेहरा छायाला आरशातून माहीत होता, आणि तो असा दुसऱ्या बाईवर बघताना तिला कीव येण्याऐवजी चीड आली. एवढं कसं कळत नाही हिला. बँक कधी न्हाणीघराचे फोटो काढते का?

हिमानीनं चहा घ्यायलाच लावला. घर बांधताना ज्या खिडकीचा हट्ट छायानं धरला होता त्या खिडकीखाली दोघी बसल्या. काजल पालथी पडून बिस्किटातली साखर चाटत होती. हिमानी सांगत होती, वरती एक खोली काढायची आहे, काजल मोठी होते आहे, त्यासाठी बँकेचं चाललंय. जिना बाहेरून घ्यायचा की आतून, यावर हे म्हणाले तू ठरव. वरच्या खोलीला ती पिवळा रंग देणार होती. छाया कपाकडे बघत होती. सकाळी मुजम्मिलनं पाठवलेल्या निरोपात सगळं लिहिलेलं होतं, मालक नाशिकला जाणार, ताबा लगेच मिळेल. बदलीचं काही बोलले का घरी, असं तिनं उगाच विचारल्यासारखं विचारलं. हिमानी म्हणाली, कसली बदली, यांचा तालुका तर कंपनी कधीच बदलत नाही. मग आपणहून म्हणाली, "यंदा मला दिवाळीला महिनाभर माहेरी राहा म्हणले. बांधकामाची धूळ काजलला सोसत नाही ना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः म्हणले, दमलीस तू." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. छायानं कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही, किंचित वाजला.

आता सांगायचं. एवढंच वाक्य तिच्या मनात होतं. जाऊ नकोस, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. दारात बसून राहा, कुलूप-किल्ली तुझ्या हातात ठेव, आईला इकडं बोलावून घे. वाक्यं तयार होती, आठ वर्षं घोटून घोटून गुळगुळीत झालेली. आणि तेवढ्यात हिमानी, जसा एखादीला आपल्या सुखाचा थोडा संकोच वाटतो तसा आवाज खाली आणून म्हणाली, "खूप सोसलं हो यांनी. यांचं आधी एक लग्न झालेलं. ती दिवाळीला म्हणून गेली माहेरी, ती आलीच नाही परत. हे वाट बघत बसले. डोक्यानं जरा कमी होती म्हणे, दिवसदिवस बोलायची नाही. खिडकीला डोकं लावून उभी राहायची." आपल्या मयताच्या गोष्टी लोक आपल्याच पुढ्यात बसून करताहेत, असं काहीतरी छायाला वाटलं. पण राग जसा यायला हवा तसा आला नाही. त्याच्याऐवजी पोटाच्या तळाशी एक ऊब पसरत गेली, हिवाळ्यात पहिला चहा प्यावा तशी. हिला कळेल. महिन्यानं फोन लागेनासा होईल, पोस्टमन येईल, सही घेईल, तेव्हा हिला कळेल की ती पहिली परत का आली नाही. कुणी सांगावं लागणार नाही. तिनं बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला, आणि तो तिला गोड लागला.

निघताना हिमानीनं काजलचा एक फोटो काढून द्यायला सांगितला. कढीपत्त्याच्या झाडाखाली काजल उभी राहिली, दात दाखवून. छायानं हिमानीचा नंबर घेतला, फोटो त्याच रात्री पाठवला. हिमानीचं उत्तर आलं, जोडलेले हात आणि खाली, ताई खूप छान, देऊळगावला आलात तर घरी या, बालाजी मंदिराच्या मागच्या आळीत. घराचे फोटो छायानं दोन दिवस बसून नीट केले. भिंतीवरचा खिळा पुसला, न्हाणीघराच्या कोपऱ्यातला शेवाळाचा डाग पुसला, आभाळ थोडं अधिक निळं केलं. इतकं मन लावून तिनं याआधी कुठल्याच घराचं काम केलं नव्हतं. मुजम्मिल खूश झाला, म्हणाला असे फोटो असले म्हणजे मी भिंतसुद्धा विकीन.

दिवाळीला अकरा दिवस होते. या अकरा दिवसांत छायानं सात घरं केली. रोहिणखेडला एक, मलकापूरला दोन, बाकी बुलढाण्यातली. रोज संध्याकाळी खोलीवर आली की ती फोन हातात घेऊन बसायची आणि हिमानीला लिहायला घ्यायची. लिहायची, पुसायची. आपण कोण सांगणाऱ्या? ती विश्वास ठेवील का? उलट त्यालाच जाऊन दाखवील, मग मुजम्मिलचं काम जाईल. शिवाय माणूस बदलत नाही असं थोडंच आहे, खरंच धुळीसाठी पाठवत असेल, घर विकून नाशकात मोठं घेणार असेल आणि बायकोला अचानक सांगून चकित करणार असेल. अशी एकेक कारणं ती समोर मांडायची, आणि सगळी मांडून झाली की त्यांच्या मागं ती ऊब तशीच असायची, राखेखाली इंगळ असावा तशी. वसुबारसेला तिला वाटलं आज गेली असेल. भाऊबीजेला ती मोताळ्याला गेली, भावाला ओवाळलं, वहिनीनं केलेल्या करंज्या खाल्ल्या, आणि फोन दिवसभर पिशवीतच ठेवला.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस राहिले असताना मुजम्मिलचा फोन आला. मेहकरचं घर रिकामं झालंय, गिऱ्हाईकाला रिकाम्या खोल्यांचे फोटो पाहिजेत, सामानात खोली नीट कळत नाही म्हणतो. घरी कुणी नसेल, मालक स्वतः चावी घेऊन येईल. या वेळी तरी छाया नाही म्हणू शकली असती. पण आपण केलेलं काम पुरतं झालं की नाही हे बघायची एक ओढ असते, ती तिला मेहकरला घेऊन गेली. गेट उघडंच होतं. शंतनू ओसरीत उभा होता, केस कानांजवळ पांढरे, बाकी तसाच; इस्त्रीचा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. कुणीतरी दचकायला हवं होतं. तो दचकला नाही. "ये छाया," तो म्हणाला, जणू ती बाजारातून परत आली होती. आतल्या खोल्यांत आवाज घुमत होता. सामान गेलं होतं. भिंतींवर कपाटाच्या, पलंगाच्या, पाळण्याच्या फिक्या जागा उरल्या होत्या. न्हाणीघराला नवा दरवाजा बसवला होता. बाहेरच्या दाराला नवं कुलूप.

तिनं तिपाई उघडली. तो दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला, आणि मग गप्पा माराव्यात तशा सुरात बोलू लागला. फोटो फार सुंदर आले होते. हिमानी माहेरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन माणसं येऊन गेली. छाया या कामात आहे हे त्याला वर्षभरापूर्वीच कळलं होतं. मुजम्मिलकडं दोघंतिघं फोटोवाले आहेत, पण त्यानं मुद्दाम तिचंच नाव सांगितलं. छाया काचेतून रिकामी खोली बघत होती. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तिनं विचारलं, "काऊन?" त्यानं चाव्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. उत्तर शोधत होता असं नाही. उत्तर इतकं साधं होतं की ते सांगायचं का, एवढंच बघत होता.

"दुसरा कुणी असता तर चार गोष्टी बोलून गेला असता घरात. बदली, विक्री. म्हटलं, छाया काही बोलणार नाही. तू कधी बोलतच नाहीस."

त्यात टोमणा नव्हता. कौतुकच होतं त्याच्या परीनं, एखाद्या भरवशाच्या भांड्याचं करावं तसं. छायानं दिवाणखान्याचे चार फोटो काढले, स्वयंपाकघराचे पाच. नववा फोटोही पहिल्याइतकाच सरळ आला, आणि याचीच तिला भीती वाटली. मग तिनं तिपाई मिटली, आतली खोली राहिली असं तो मागून म्हणत असताना ती गेटाबाहेर पडली, आणि स्टँडवर येईपर्यंत थांबली नाही. देऊळगाव राजाची गाडी गेलेली होती. सिंदखेड राजापर्यंत एक मिळाली, तिथं दुसरी. दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं मोकळी पडली होती, कुठं हरभऱ्याच्या पेरणीला सुरुवात झाली होती. सगळ्या वाटेत तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, सांगायचं, सगळं सांगायचं, आजच सांगायचं. आणि ते हिमानीसाठी नव्हतं, हे तिला दुसरबीडच्या चढावर कळलं. ते त्याला खोटं पाडण्यासाठी होतं. तो ज्या बाईच्या भरवशावर घर विकत होता ती बाई मोडून टाकण्यासाठी. कळलं तरी ती उतरली नाही.

बालाजी मंदिराच्या मागच्या आळीत घर विचारत गेली. हिमानी दारातच बसलेली होती, मांडीवर तांदळाचं ताट, पण हात तांदळात नव्हते. तिनं ओळखलं, उठायला गेली, पुन्हा बसली. तिच्या शेजारी पायरीवर एक लांब पांढरा लिफाफा उघडून पडला होता, आणि छायाला तो वाचायची गरज नव्हती. आतून काजलचा आणि आजीचा आवाज येत होता. हिमानी म्हणाली, काल आला. तिला वाटत होतं चुकून आला असेल. फोन लागत नाही म्हणून भाऊ आज सकाळी मेहकरला गेला, तर दाराला नवं कुलूप. ती हे अगदी सावकाश सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचं. छाया उभ्याउभ्याच म्हणाली, "माझं नाव स्नेहलता नाही. मी छाया. त्याची पहिली."

हिमानीनं वर पाहिलं. छायाला तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसताना दिसली. न्हाणीघराचा दरवाजा, चहा, खिडकीखालचं बोलणं. "ते फोटो बँकेचे नव्हते," ती म्हणाली. नव्हते, विक्रीचे होते, छायानं सांगितलं. हे तुमाला त्या दिवशी माहीत होतं का, असं हिमानीनं विचारलं. छाया हो म्हणाली. "मी महिनाभर माहेरी चालले हे सांगितलं तेव्हाही?" तेव्हाही. हिमानीनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. काही तांदूळ पायरीवर सांडले, ते ती एकेक वेचून परत ताटात टाकू लागली, आणि वेचता वेचताच म्हणाली, "तुम्ही नुसतं जाऊ नको म्हणला असता, तर मी हललेच नसते. मारलं असतं तरी नसते हलले." आवाज चढला नव्हता. छायाला वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, ताट भिरकावेल. त्यातलं काहीही सोसायची तयारी करून ती आली होती. पण हिमानी तांदूळ वेचत राहिली. सगळे वेचून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग आता कामून आल्या?"

छायाजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. वाटेत तिनं ते जुळवून ठेवलं होतं. वकीलबाईंचं नाव, कोर्टात हो म्हणू नकोस, काजल आहे तर तुझी बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, मी साक्षीला येईन. ते सगळं खरं होतं आणि उपयोगाचं होतं, आणि त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आळीच्या टोकाशी उसाच्या मोळ्या उतरवून घेत होते, तुळशीच्या मांडवासाठी. तिकडं बघत तिनं तोंड उघडलं, आणि जे आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"त्या दिवशी मले बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासारखंच तुह्यासंगही होईन, म्हणून बरं वाटलं होतं. मले बोलता येत होतं. मी बोलली नाही."

हिमानीनं लिफाफा उचलून त्याची नीट घडीवर घडी घातली, ताट हातात घेतलं, उठली. उंबऱ्यात थांबून, मागं न वळता तिनं आत आवाज दिला, "आई, बाहेर एक बाई आल्यात. पाणी दे त्यांना." मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिथलं दार लागलं. म्हातारीनं तांब्याभर पाणी आणून दिलं, कोण कुठल्या म्हणून विचारलं. छाया सकाळपासून काही प्यायली नव्हती. पायरीवर बसून तिनं तो तांब्या तोंडाला लावला, आणि मधे श्वास घ्यायलाही न थांबता सगळा संपवला.